२० नायराच्या नोटेवरचा हा लष्करी माणूस कोण? (आजोबांच्या ट्रंकेत सापडली)

पाचपाखाडीची_मुक्ता

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. काल माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत गिरणीचं ओळखपत्र, एक मायक्रोमीटर, आजीला पाठवलेली एअरमेलची निळी पत्रं, आणि पत्रांच्या गठ्ठ्यात चार घड्या घातलेली एक नोट. २० नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन. नोटेवर लष्करी टोपीतला एक माणूस आहे. नाव घडीवरच आल्यामुळे 'मुर्तला'पुढचं धड वाचता येत नाही.

आजोबा परळच्या गिरणीत फिटर होते. १९७८ ते ८२ नायजेरियात कडुनाला एका कापड गिरणीत कामाला होते. मी शाळेत असताना ते गेले, त्यामुळे विचारायचं राहून गेलं. घरी फारसं बोलायचेही नाहीत. एक मात्र पक्कं आठवतं, काहीही सांगायचं झालं की शेवटी 'विथ इमिजिएट इफेक्ट' जोडायचे. 'टीव्ही बंद, विथ इमिजिएट इफेक्ट.' 'दप्तर उचला, विथ इमिजिएट इफेक्ट.' फिटर माणसाच्या तोंडी हे सरकारी इंग्रजी कुठून आलं, हे घरात कोणालाच माहीत नाही.

तर हा माणूस कोण, त्याने काय केलं, आणि नोटेला आज काही किंमत आहे का? गुगलवर चार ओळी मिळतात, पण इथे कोणी तिकडे राहून आलेलं असेल तर त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

घोडबंदर_एक्स्प्रेस

लष्करी टोपी आणि आफ्रिका म्हणजे इदी अमीनच असणार. माणसं खायचा म्हणे.

मार्कोनी_नेरूळ

घोडबंदरवाले, अमीन युगांडाचा, म्हणजे आफ्रिकेच्या पार दुसऱ्या बाजूचा. नोटेवरचा हा जनरल मुर्तला मुहम्मद, नायजेरियाचा. अमीनचा थोडा संबंध येतो, पण पुढे.

मुक्ता, तुझ्या आजोबांचं ते 'विथ इमिजिएट इफेक्ट' वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. ते वाक्य ह्याच माणसाचं. सविस्तर लिहितो, लांबेल. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

१९७४ ते ९८ मी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. मोर्सचं खटखट करणारा. खलाशी आम्हाला मार्कोनी साब म्हणायचे. माझं दुसरंच जहाज, मालक ग्रीक, कॅप्टन ग्रीक, आपल्याकडचे म्हणाल तर मी आणि गोव्याचा एक कुक. ग्रीसच्या व्होलोस बंदरात सिमेंट भरलं आणि सप्टेंबर १९७५ मध्ये लागोसच्या बाहेर नांगर टाकला. कॅप्टनने दुर्बीण लावली, आणि मग ती माझ्या हातात दिली. जिकडे बघावं तिकडे जहाजं. ४०० च्या वर होती. रात्री सगळ्यांचे दिवे लागले की मुंब्र्याच्या डोंगरावरून ठाणं बघावं तसं दिसायचं. आणि बहुतेकांच्या पोटात एकच माल, सिमेंट.

त्याचं झालं असं. १९७३ ला तेलाचे भाव चौपट झाले आणि नायजेरियात पैशाचा पूर आला. तेव्हाचे प्रमुख जनरल गोवॉन. त्यांच्या सरकारने बांधकामांसाठी सिमेंट मागवलं, किती, तर जवळपास २ कोटी टन. त्यातलं १ कोटी ६० लाख टन एकट्या संरक्षण खात्याचं, बराकींसाठी म्हणून. लागोस बंदराची ताकद त्याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. जहाज खोळंबलं की मागवणाऱ्याने डेमरेज भरायचं, दिवसाच्या हिशेबाने. हे कळल्यावर काही मालकांनी भंगारात निघालेली जहाजंसुद्धा सिमेंट भरून लागोसला आणून उभी केली. माल उतरो न उतरो, मीटर चालू.

जुलै ७५ मध्ये गोवॉन कंपालाला गेले, आफ्रिकी देशांच्या परिषदेला. यजमान कोण? इदी अमीन. (हा तो संबंध.) २९ जुलैला मागे लागोसमध्ये लष्कराने त्यांना काढून टाकलं. एक गोळी झाडली नाही. गोवॉन परिषदेतच होते. तिथून इंग्लंडला गेले आणि वॉरिक विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. देशाचा माजी प्रमुख आणि वर्गात बाकावर! त्यांच्या जागी आला मुर्तला. वय ३६. कानोचा, उत्तरेकडचा, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकलेला, आणि फौजेत सिग्नल्सचा, म्हणजे संदेश-रेडिओ विभागाचा. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. गोवॉनच्याच मंत्रिमंडळात दळणवळण खातं सांभाळत होता.

आल्या आल्या त्याने झाडू हातात घेतला. गोवॉनचे सगळे लष्करी गव्हर्नर घरी. चौकशीत १२ पैकी १० जण पैसे खाल्लेले निघाले, त्यांची मालमत्ता जप्त. मग नोकरशाही, न्यायाधीश, पोलीस, वकिलाती, विद्यापीठं. काही महिन्यांत १०,००० च्या वर माणसं कामावरून काढली. रेडिओवर नावं यायची आणि प्रत्येक आदेशाच्या शेवटी तेच शेपूट, विथ इमिजिएट इफेक्ट. लोकांनी ते उचललं. फळं विकायला होडीतून जहाजाला लागणारी पोरंसुद्धा भाव सांगून झाल्यावर म्हणायची, पैसे टाका, विथ इमिजिएट इफेक्ट. तुझे आजोबा नायजेरियाला पोचले तेव्हा मुर्तलाला मरून दोन वर्षं झाली होती, पण वाक्य गिरणीत फिरत असणारच.

डिसेंबरात एजंटच्या लाँचने एकदा किनाऱ्यावर जायला मिळालं. टॅक्सीत बसलो आणि तासभर जागचे हललो नाही. तिथे ट्रॅफिक जॅमला 'गो-स्लो' म्हणतात. टॅक्सीवाला खूश होता. म्हणे ऑफिसातले साहेब आता वेळेवर खुर्चीत असतात. मला हसू आलं, कारण खिशात वडिलांचं पत्र होतं. आपल्याकडे आणीबाणी चालू होती आणि वडिलांनी ठाण्याहून लिहिलं होतं, 'सध्या लोकल अगदी घड्याळाप्रमाणे धावत आहेत.' पुढचं वाक्य त्यांनी लिहून खोडलं होतं. ते काय होतं हे मी कधी विचारलं नाही.

जहाजाचं सांगतो. सात महिने एका जागी. पिण्याचं पाणी मोजून. अंघोळ आठवड्यातून दोनदा, तीही बादलीभर. रात्री चोर दोरखंडावरून चढायचे, म्हणून डेकवर पाळीने पहारा. आणि खाली सिमेंट. लागोसची हवा आपल्या जुलैसारखी दमट. एका हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठाराच्या झाकणाच्या, कडेने पाणी झिरपलं होतं. जानेवारीत उघडून बघितलं तर वरच्या पोत्यांचा कागद तेवढा मऊ, आत दगड. चीफ मेटने बोटाने वाजवून बघितलं, मग हातोडीने. हातोडी उडाली. पुढे उतरवताना त्या थराला पहारी लावाव्या लागल्या. तरीही मालाच्या कागदावर तो 'सिमेंट, पोत्यात' असाच गेला.

मुर्तलाच्या सरकारने नवी जहाजं यायला बंदी घातली, आधी परवानगी घ्या मगच निघा असा नियम केला, बिलं अडवली, कंपन्यांना बोलावून करार मोडायला लावले. रांग पुढे सरकायला लागली ती त्यानंतर. आम्हाला राजकारणातलं काय कळणार? आमच्या लेखी चांगलं सरकार म्हणजे ज्याच्या काळात नांगर उचलला जातो ते.

आता १३ फेब्रुवारी १९७६. शुक्रवार. सहारातून येणाऱ्या धुळीने शेजारचं जहाज दिसत नव्हतं. सकाळी वॉचवर बसलो तर रेडिओ नायजेरियावर रोजचं काही नाही, नुसता लष्करी बँड. कॅप्टन केबिनच्या दारात आला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, कोणीतरी सरकार पाडलंय. त्याच्या देशात सात वर्षं कर्नलांचं राज्य होऊन गेलेलं, त्याला त्या संगीताचा अर्थ लगेच कळला. मग एक आवाज आला. लेफ्टनंट कर्नल डिमका. मुर्तलाचा ढोंगीपणा उघडा पडलाय, तरुण क्रांतिकारकांनी सत्ता घेतलीय, सीमा, विमानतळ, बंदरं सगळं बंद. कॅप्टन म्हणाला, बंदर बंद? ते उघडं कधी होतं? पुढे संचारबंदी, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. मी कागदावर उतरवून घेतलं आणि वाटलं माझीच चूक झाली. दिवसा लोकांनी घरात बसायचं आणि रात्री हिंडायचं? पण तो तसंच बोलला होता. हा डिमका फौजेच्या शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख, म्हणजे पीटीचे मास्तर. त्याचं बंड काही तासांचंच ठरलं, पण मुर्तला तोवर मेला होता.

कसा मेला, तर गो-स्लोमध्ये. सकाळी ऑफिसला निघालेला, काळी मर्सिडीज, पुढे-मागे ताफा नाही, सायरन नाही. सोबत एडीसी (लष्करी सहायक), ड्रायव्हर आणि एक ऑर्डर्ली (हाताखालचा शिपाई). लागोसच्या इकोयी भागात गाडी वाहतुकीत अडकली आणि मारेकऱ्यांनी रस्त्यावरच गोळ्या घातल्या. ऑर्डर्ली तेवढा वाचला. दहा हजारांना घरी पाठवणारा माणूस असा मोकळा फिरत होता, ह्याला मी त्या वयात धाडस म्हणायचो. आता बेफिकिरी म्हणतो.

१९८८ ला पुन्हा लागोसला गेलो तेव्हा ओनिकानच्या संग्रहालयात ती गाडी पाहिली. काचेला पडलेली भोकं मी मोजायला लागलो होतो. मागून शाळेची सहल आली म्हणून सरकलो.

सगळं राज्य जेमतेम २०० दिवसांचं. तेवढ्यात १२ राज्यांची १९ केली, नवीन राज्यघटनेसाठी समिती नेमली, आणि राजधानी लागोसहून उचलून मध्यभागी अबुजाला न्यायचं ठरवलं. ती प्रत्यक्षात गेली १९९१ ला. मी नेरूळला राहतो म्हणून मला ह्याचं विशेष वाटतं. बेटावरच्या शहराचा श्वास कोंडला म्हणून खाडीपलीकडे नवं शहर, बंदर तुंबलं म्हणून न्हावाशेवा. लागोसलाही सिमेंटच्या त्या गोंधळानंतर टिन कॅन आयलंडचं नवं बंदर बांधलं.

नोटेचं. १९७७ ला ही काढली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. तेव्हा ती त्यांची सगळ्यात मोठी नोट होती आणि एका नायराला दीड डॉलरच्या आसपास मिळायचे. तुझ्या आजोबांकडे होती ती चांगली रक्कम होती. १९८४ ला त्यांनी नोटा बदलल्या, जुन्या रद्द. आता बाजारात शून्य.

वकील_चरई

मार्कोनीकाका, तुमच्या सिमेंटची दुसरी बाजू आम्ही लॉ कॉलेजला शिकलोय, फक्त जहाजात माणसं होती हे कोणी सांगितलं नव्हतं.

ट्रेंडटेक्स विरुद्ध सेंट्रल बँक ऑफ नायजेरिया, १९७७, लंडन. न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग. २ लाख ४० हजार टन सिमेंट, टनाला ६० डॉलर, शिवाय डेमरेज दिवसाला ३,५०० डॉलर. नायजेरियाच्या बँकेने पैसे अडवले आणि कोर्टात सांगितलं की आम्ही सरकारचाच भाग आहोत, परक्या सरकारवर तुमच्या कोर्टात खटला चालत नाही. डेनिंग म्हणाले, चालतो. बाजारात उतरून सिमेंट घेतलंत ना, मग बाजाराचे नियम लागू. सार्वभौम राष्ट्र म्हणून मिळणारं कवच व्यापाराला लागू नाही, हे इंग्लिश कायद्यात पक्कं होण्यात ह्या निकालाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतही असाच खटला झाला. तिथल्या निकालात आकडा आहे, ६८ पुरवठादारांशी १०९ करार.

म्हणजे मुर्तला साहेबांचं 'विथ इमिजिएट इफेक्ट' देशात चाललं, लंडनच्या कोर्टात नाही चाललं. एका सहीने करार मोडता येतात असं वाटणारे अशील माझ्याकडेही येतात. त्यांना मी हीच केस सांगतो.

सई_वाशी

मी जरा वेगळं लिहिणार आहे, काका रागावू नका.

आमचं वाशीत रेडिमेड कपड्यांचं छोटं एक्स्पोर्टचं काम आहे. माल लागोसला मुर्तला मुहम्मद विमानतळावर उतरतो, दर आठवड्याला हे नाव मी चलनावर टाइप करते. गेली बारा-तेरा वर्षं आमचं एक गिऱ्हाईक आहे, साठीच्या पुढचे गृहस्थ, इग्बो जमातीचे, आसाबा गावचे. एकदा ऑफिसात चहा घेताना त्यांनी पाकिटातली २० ची नोट टेबलावर ठेवली, चित्र खाली, पालथी. मला वाटलं सहज. पण ते ती नेहमी तशीच ठेवतात.

१९६७ ला बियाफ्रा, म्हणजे नायजेरियाचा पूर्वेकडचा इग्बो लोकांचा भाग, फुटून निघाला आणि यादवी सुरू झाली. मुर्तला तेव्हा सरकारी फौजेच्या दुसऱ्या डिव्हिजनचा प्रमुख. बेनिन शहर परत घेऊन ही डिव्हिजन नायजर नदीच्या काठी आसाबाला पोचली, ऑक्टोबर १९६७. लोक घाबरलेले. गावातल्या मोठ्या मंडळींनी ठरवलं की मिरवणूक काढून फौजेचं स्वागत करायचं, म्हणजे आपण देशाच्या बाजूने आहोत हे कळेल. सगळ्यांनी अक्वा ओचा नेसलं. ते त्यांचं सणासमारंभाचं पांढरं हातमागाचं कापड. (कपड्यांच्या धंद्यातली असल्याने हे नाव मी विसरत नाही.) 'वन नायजेरिया' म्हणत, नाचत निघाले. सैनिकांनी बायकामुलं बाजूला काढली. पुरुष आणि मोठी पोरं ओग्बे-ओसोवाच्या मोकळ्या जागेत नेली आणि मशीनगन चालवली. शेकडो माणसं. आमच्या गिऱ्हाइकाचे वडील आणि दोन काका त्यात होते. ते स्वतः लहान होते, म्हणून आईकडे राहिले.

गोवॉन २००२ ला आसाबाला जाऊन माफी मागून आले. मुर्तला कधी काही बोलला नाही.

तो नंतर भ्रष्टाचाराविरुद्ध उभा राहिला, खरं असेल. पण ज्या देशाने त्याचं नाव विमानतळाला दिलं, त्याच देशातला माणूस त्याची नोट पालथी ठेवतो, हे मुक्ताला कळायला हवं असं वाटलं.

मार्कोनी_नेरूळ

सईताई, रागवायचं काय. लिहिलंत ते बरं झालं, मी ते गाळलं होतं. जहाजावर आमचा एक टॅली क्लार्क (उतरणारा माल मोजणारा) होता, इग्बो. मुर्तलाचं नाव निघालं की तो उठून डेकवर जायचा. मला वाटायचं, विडी ओढायला.

आसाबाच्या पुढचंही सांगतो, हे मी नंतर वाचलं. नदीपलीकडे ओनित्शा. पूल बियाफ्राच्या लोकांनी उडवलेला. मुख्यालय सांगत होतं की समोरून होड्यांतून जाऊ नकोस, लांबून वळसा घे. मुर्तलाने ऐकलं नाही. समोरून नदी ओलांडायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी माणसं बुडाली, मेली. शेवटी दुसरीकडून ओलांडून ओनित्शा घेतलं, तर पुढे मार्च ६८ मध्ये अबागानाला त्याच्या डिव्हिजनचा अख्खा ताफा, शंभराच्या आसपास गाड्या, एका हल्ल्यात जळाला.

तो उतावळा होता. मला त्याच्याबद्दल हेच एक खात्रीने म्हणता येतं. आम्हाला त्या उतावळेपणाचा फायदा झाला, आमची रांग सरकली. काढलेल्या दहा हजारांत काही चोर होते, काहींवर फक्त वरच्याचा राग होता, आणि कोणाचं काय हे बघायला तो थांबला नाही. पेन्शनसुद्धा नाही दिली. नदीकाठी थांबला नाही तसाच. माझी बंदराची आठवण आणि तुमच्या गिऱ्हाइकाची नोट, दोन्हीतला माणूस एकच आहे.

डिमकाचं राहिलं. पळाला, मार्चमध्ये पूर्वेकडे सापडला, मे महिन्यात गोळ्या घातल्या. त्या बंडासाठी एकूण तीसहून जास्त लोकांना मारलं, त्यात संरक्षण खात्याचा प्रमुख बिसालाही. मुर्तलाच्या जागी आलेल्या ओबासान्जोने १ ऑक्टोबर १९७९ ला सत्ता निवडून आलेल्यांच्या हाती दिली. मुक्ता, तुझे आजोबा तेव्हा कडुनाला असणार. पत्रांत काही आहे का बघ.

पाचपाखाडीची_मुक्ता

सगळ्यांचे आभार. काल रात्री आजीला हा धागा वाचून दाखवला. ती ८६ ची आहे, ऐकू कमी येतं, त्यामुळे आसाबाचा भाग दोनदा वाचावा लागला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, पुरे.

पत्रं उघडली. ऑक्टोबर ७९ चं एक आहे. राजकारणाचं अक्षर नाही. गिरणीला दोन दिवस सुट्टी होती, खोलीवर साबुदाणा नसल्याने कसाव्याची खिचडी करून पाहिली, चिकट झाली, असं लिहिलंय. नोटेबद्दल आजीला आठवतं ते एवढंच की ८२ ला परत येताना विमानतळावर खिशात राहिली आणि 'पुढच्या खेपेला लागेल' म्हणून ठेवली. पुढची खेप झाली नाही. गिरण्यांचा संप तोवर सुरू झाला होता, इथली नोकरीही गेली.

आणि 'विथ इमिजिएट इफेक्ट'वर आजी हसली. म्हणाली, दुसऱ्यांना सांगायचे. स्वतःला अंघोळीला उठवायला मला तीन हाका माराव्या लागायच्या.

मार्कोनी_नेरूळ

नोट विकू नकोस. आणि घड्या मोडायला इस्त्री तर मुळीच फिरवू नकोस, जाड पुस्तकात ठेव. नेरूळला येणं झालं तर घेऊन ये. माझ्याकडे भिंग आहे, घडीवरचं नाव वाचू.